आश्चर्य कोणाचे? : इंग्रजीतील विस्मयदर्शक क्रियाविशेषणांविषयी

शाळेतल्या इंग्रजी व्याकरणात क्रियाविशेषण म्हणजे क्रियेची रीत, स्थळ किंवा काळ सांगणारा शब्द, अशी व्याख्या शिकवली जाते. ‘तो हळू चालतो’ यातला ‘हळू’ चालण्याची रीत सांगतो. परंतु ‘सरप्रायझिंगली’, ‘रिमार्केबली’, ‘अ‍ॅस्टॉनिशिंगली’, ‘इन्क्रेडिबली’ या शब्दांना ही व्याख्या पुरत नाही. ‘सरप्रायझिंगली, तो पास झाला’ या वाक्यात पास होण्याची रीत कोठे आहे? आश्चर्य बोलणाऱ्याचे आहे आणि ते त्याने दुसऱ्याच्या यशावर चिकटवले आहे.

क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांनी १९७२ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात अशा शब्दांचा ‘डिसजंक्ट’ या नावाचा वेगळा वर्ग मानला. डिसजंक्ट हा वाक्याच्या रचनेत सुटा राहतो आणि संपूर्ण विधानावर बोलणाऱ्याचा अभिप्राय नोंदवतो. म्हणून लिहिताना त्याच्यापुढे स्वल्पविराम येतो. हाच शब्द विशेषणाच्या अगदी आधी बसला, जसे ‘सरप्रायझिंगली गुड’, की तो प्रमाण दाखवू लागतो. पण अपेक्षा तेथेही असतेच. हे ‘गुड’ आधीच धरून चाललेल्या ‘बॅड’च्या मापाने मोजलेले असते.

या शब्दांच्या छटा सारख्या नाहीत. ‘अ‍ॅस्टॉनिशिंगली’च्या मुळाशी मेघगर्जना आहे; वीज कोसळल्यासारखे सुन्न होणे हा त्याचा मूळ भाव. ‘इन्क्रेडिबली’ विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन धातूवरून आला. मात्र वापरून वापरून झिजला आणि आज बहुधा ‘फार’ एवढाच अर्थ देतो. ‘क्युरियसली’ वाचकाला ‘असे का?’ हा प्रश्न विचारायला लावतो. ‘सडनली’ काळाविषयी बोलतो. अमेरिकन कादंबरीकार एल्मोर लेनर्ड यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखननियमांत तो वर्ज्य ठरवला. त्यांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. घटना अचानक घडली हे तिच्या मांडणीतूनच वाचकाला जाणवले पाहिजे.

सर्वांत लहान आणि सर्वांत धोक्याचा शब्द ‘इव्हन’. आपला ‘सुद्धा’ त्याचाच भाऊ. ‘त्या वस्तीतली मुलेसुद्धा इंग्रजी बोलतात’ असे कोणी म्हणतो तेव्हा त्याने मनात एक शिडी उभी केलेली असते आणि त्या मुलांना शेवटच्या पायरीवर बसवलेले असते. वाक्य स्तुतीचे, शिडी जुनीच.

या शब्दांचे बळ अपेक्षा लपवण्यात आहे. ‘सरप्रायझिंगली, तो पास झाला’ हे विधान कोणी खोडले तर ‘तो पास झाला नाही’ एवढेच खोडले जाते. तो नापास व्हायचाच होता, ही समजूत जागची हलत नाही. ती उघड मांडलेली नसते, म्हणून तिच्याशी वादही घालता येत नाही.

काळ्या लेखकांनी या आश्चर्याची किंमत मोजली आहे. फिलिस व्हीटली ही आफ्रिकेतून पकडून आणलेली आणि बॉस्टनमध्ये गुलामीत वाढलेली मुलगी. १७७३ साली तिचा कवितासंग्रह लंडनमध्ये निघाला तेव्हा कविता तिच्याच आहेत, अशा अठरा प्रतिष्ठित गोऱ्यांच्या सह्या पुस्तकाला जोडाव्या लागल्या. फ्रेडरिक डग्लस इतके उत्तम बोलत, की हा माणूस गुलाम होता यावरच श्रोते शंका घेऊ लागले. त्यांनी १८४५ साली आत्मचरित्र लिहिले, त्यात मालकांची नावे आणि ठिकाणे दिली आणि शीर्षकातच ‘स्वतः लिहिलेले’ असे नोंदवले. श्रोत्यांच्या अविश्वासाला ते उत्तर होते. आज कोणी परीक्षक एखाद्या दलित आत्मकथनावर ‘रिमार्केबली वेल रिटन’ असा शेरा मारतो, तेव्हा तो त्याच अठरा सह्यांच्या रांगेत उभा असतो.

मग हे शब्द टाकून द्यावेत काय? तसे करण्याचे कारण नाही. त्यांना धनी दाखवून दिला पाहिजे. बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९०१ च्या सुमाराचा प्रसंग आहे. मसूर स्टेशनवर उतरलेल्या नीटनेटक्या मुलांना स्टेशनमास्तर ब्राह्मणांची मुले समजतो. आपण महार आहोत असे बाबासाहेब सांगतात आणि तो थक्क होतो. त्याचा चेहरा पालटतो. बाबासाहेबांनी ते आश्चर्य ज्याचे त्याच्या पदरात टाकले आहे. वाचक मुलांकडे नवलाने पाहत नाही. तो स्टेशनमास्तराच्या चेहऱ्याकडे पाहतो.

दुसरी वाट उपरोधाची. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपली माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली. याविषयी इंग्रजीत लिहिताना कोणी लिहावे : ‘सरप्रायझिंगली, पाणी पाणीच राहिले.’ येथे लेखकाने सवर्णांची अपेक्षा घटकाभर उसनी घेतली आणि तिचे हसे करून परत केली. शब्द तोच, पण अपेक्षा आता उजेडात आली.

आपले विद्यार्थी इंग्रजीत लिहू लागले आहेत, आपले साहित्य इंग्रजीत जात आहे. या भाषेचे शब्दकोशातले अर्थ शिकणे पुरेसे नाही. विस्मयदर्शक शब्द दिसला की तेथे थांबून विचारावे : हे आश्चर्य कोणाचे, आणि त्याने आधी काय गृहीत धरले होते? आपल्याविषयी लिहिलेले वाचताना हा प्रश्न जितका विचारावा, तितकाच तो आदिवासींविषयी, भटक्या-विमुक्तांविषयी, आपल्याच घरातल्या स्त्रियांविषयी आपण लिहिताना स्वतःला विचारावा. ‘शी इव्हन राइट्स’ हे वाक्य आपल्याही लेखणीतून उतरू शकते.