देवराईतली ओल

मे महिन्यात भोरहून वरंध घाटाकडे निघालं की दोन्ही बाजूंचे डोंगर वाळक्या गवतानं पिवळे पडलेले दिसतात. त्या पिवळ्यात मध्येच एखादा गर्द हिरवा पुंजका उठून दिसतो. ती देवराई. वेल्ह्याकडेही तेच: भोवतालचा डोंगर बोडका, देवीभोवतालचं रान मात्र जसंच्या तसं.

चपला बाहेर काढून आत शिरलं की पहिल्यांदा तळपायांना कळतं. बाहेर चटके देणारी जमीन इथं गार लागते. हातानं पाला बाजूला सारून पाहा. वर कुरकुरीत पानं, त्याखाली कुजून जाळी झालेली, आणि त्याखाली काळी, भुसभुशीत माती. मुठीत दाबली तर तिचा गोळा होतो. तोही भर मे महिन्यात!

ही ओल टिकते कशी? हे डोंगर म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. उघड्या उतारावर पावसाचा थेंब मातीवर आदळतो आणि तिलाच घेऊन ओढ्याला लागतो. राईत तो आधी अंजनी-जांभळाच्या पानांवर पडतो, मग वेलींवर, शेवटी पाचोळ्यावर. मुळांनी आणि गांडुळांनी केलेल्या वाटांनी मुरत तो कातळाच्या भेगांत शिरतो आणि पुढं कित्येक महिने झऱ्यातून झिरपत राहतो.

आता राईचा जुना दंडक आठवा: झाड तोडायचं नाहीच, पण खाली पडलेली वाळकी काडीही घरी न्यायची नाही. देवळाच्या दुरुस्तीला लाकूड हवं असलं, तरी देवीला कौल लावायचा. चुलीला सरपण लागणाऱ्या गावानं वाळकी काडीसुद्धा सोडावी, हे केवढं कठीण! पण पाणी धरून ठेवतो तो हाच काटक्या-पाचोळ्याचा थर. 1970 च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास मांडला. भोवतालचं जंगल दळीच्या, म्हणजे डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीत आणि कोळशाच्या भट्ट्यांत गेलं, तरी मूळच्या रानाचा नमुना या राखीव तुकड्यांत उरला होता.

हीच समज गडांवरही दिसते. तोरण्यावर मेंगाई देवी आहे, राजगडावर पद्मावती देवी आणि तिच्या नावाचा तलाव. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरची झाडं जतन करण्याची, नवी लावण्याची ताकीद आहे. 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. त्याच्या पायथ्याच्या खोऱ्यांतल्या राया याच वारशाच्या सख्ख्या बहिणी आहेत.

नीरा नदी याच भोरच्या डोंगरांत उगम पावते आणि तिच्या कालव्यांवर बारामती, इंदापूर, फलटणची शेती उभी आहे. त्या पाण्यात एखाद्या राईतून झिरपलेला थेंबही असतो. म्हणून देवराईतून बाहेर पडताना कपड्याला अडकलेली काडी तिथंच झटकावी. तिचं काम अजून संपलेलं नाही.