रथ निघण्यापूर्वीची रंगीत तालीम

वैशाख महिना लागला की अमळनेरच्या बोरी नदीचे कोरडे पात्र गजबजू लागते. श्री संत सखाराम महाराजांच्या यात्रेसाठी दुकाने उभी राहतात, पाळणे चढतात, आणि खानदेशातील खेड्यापाड्यांतून भाविकांची रीघ लागते. शुद्ध एकादशीचा रथ आणि पौर्णिमेची पालखी हे या यात्रेचे दोन मानबिंदू. प्रतिपंढरपूर म्हणून ज्या नगरीचा गौरव होतो, तिच्या वाळवंटात त्या दिवसांत पाऊल ठेवावयास जागा उरत नाही. या आनंदसोहळ्याला गालबोट लागू नये, ही प्रत्येक भाविकाची मनोमन प्रार्थना असते. परंतु प्रार्थनेच्या जोडीला पूर्वतयारीही हवी. संकटप्रसंगी कोणी काय करावयाचे, याचा शासनातर्फे आधीच केला जाणारा सराव हा त्या पूर्वतयारीचाच एक भाग होय.

२०२५ साली पंचांगाने एक विलक्षण योग घडवून आणला. त्या वर्षी ७ मे रोजी केंद्र शासनाने देशभर नागरी संरक्षणाचा सराव योजिला होता. १९७१ नंतर एवढ्या व्यापक प्रमाणावर असा सराव प्रथमच होत होता. महाराष्ट्रातील नियोजित ठिकाणांत आपल्या जळगाव जिल्ह्यातील भुसावळचाही समावेश होता. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी, मोहिनी एकादशी होती, म्हणजे अमळनेरच्या रथाची तिथी. तो सराव युद्धकाळातील हल्ल्याचा विचार करून योजिलेला असला, तरी त्यामागील तत्त्व यात्रेलाही तितकेच लागू पडते. संकटाच्या वेळी माणूस नवे काही शिकत नाही. आधी अंगवळणी पडलेले असेल तेवढेच त्याच्या हातून घडते.

याची दुःखद प्रचीती आपल्याच जिल्ह्याने घेतली आहे. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडे स्थानकाजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा पसरली. घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान १२ जणांचा अंत झाला. आग नव्हतीच, प्राण घेतले ते भयाने. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या दिवशी, वाईजवळील मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आगीने सुमारे तीनशे भाविकांचा बळी घेतला. नाशिकच्या २००३ सालच्या सिंहस्थात गोदाघाटाकडे जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेवर ३९ जण दगावले. ही सारी माणसे आपल्यासारखीच श्रद्धेने किंवा पोटापाण्यासाठी घराबाहेर पडलेली होती.

मग असा सराव आखावयाचा कसा? २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. यात्रेपुरते पाहावयाचे तर प्रांताधिकारी, तहसीलदार, पोलीस, नगरपरिषदेचे अग्निशामक दल, रुग्णालय, वीज मंडळी आणि संस्थानचे सेवेकरी यांना एकत्र बसावे लागते. आपत्तीत मदतीला धावणारे राज्य आपत्ती प्रतिसाद दल शेजारच्या धुळ्यातच आहे, ही खानदेशाची जमेची बाजू.

पहिली पायरी म्हणजे उद्देश ठरविणे. ‘सर्व तयारी पाहू’ असे म्हटल्याने काहीच पाहून होत नाही. गर्दीतून रुग्णवाहिका बाहेर पडण्यास किती मिनिटे लागतात, ध्वनिक्षेपकावरील सूचना शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाते काय, असा एखादाच नेमका प्रश्न घ्यावा. त्यानंतर प्रसंग निवडावा, आणि तो त्या मातीतला असावा. खानदेशात वैशाखाचे ऊन बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्याही वर जाते. तेव्हा उष्माघात हा पहिला प्रसंग. वळवाच्या वादळाने मंडप कोसळणे हा दुसरा, खाद्यपदार्थांच्या दुकानातील गॅसच्या टाकीने पेट घेणे हा तिसरा. आणि ‘पाणी आले, पळा!’ अशी नदीपात्रात उठलेली खोटी हूल हा कदाचित सर्वांत कठीण.

दुसरी पायरी कागदावरची. नदीपात्राचा नकाशा मेजावर पसरून सर्व खात्यांनी प्रसंग तोंडी चालवून पाहावा. ‘सायंकाळचे सात वाजले आहेत, रथ चौकात आहे, मागे दुकान पेटले आहे, आता पहिला दूरध्वनी कोणी कोणाला करावयाचा?’ एवढ्या एका प्रश्नानेही कितीतरी उणिवा उघड्या पडतात. दोन खाती एकाच वाटेवर विसंबून असतात. एखाद्या फाटकाची किल्ली कोणाकडे, हे कोणासच ठाऊक नसते.

त्यानंतरच प्रत्यक्ष मैदानात उतरावे, तेही यात्रा भरण्यापूर्वी. भाविकांच्या भर गर्दीत असा खेळ कदापि करू नये. रुग्ण म्हणून काही स्वयंसेवक ठेवावेत व कोणास काय इजा झाली आहे, याची चिठ्ठी त्यांच्या गळ्यात अडकवावी. हाती घड्याळ घेतलेले निरीक्षक ठिकठिकाणी उभे करावेत. त्यांनी मदत करावयाची नाही, केवळ नोंद करावयाची. प्रत्येक संदेशाच्या आरंभी व शेवटी ‘हा सराव आहे’ हे शब्द उच्चारलेच पाहिजेत. सराव चालू असता खरोखरीच कोणी आजारी पडला, तर सारे थांबविण्याचा एक ठरलेला शब्द असावा, आणि एक रुग्णवाहिका केवळ त्यासाठीच राखून ठेवावी. गावाला दवंडी, वृत्तपत्रे आणि मंदिराचा ध्वनिक्षेपक यांद्वारे आधी कळविणे तर अनिवार्यच. नाही तर अफवा रोखण्यासाठी केलेला सरावच अफवेचे कारण व्हावयाचा!

सराव संपला म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. खरे फळ त्यानंतरच्या बैठकीत असते. तेथे कोणास दोष न देता, कोठे उशीर झाला आणि का झाला, हे मांडावे. दुरुस्ती कोणी व कोणत्या दिवसापर्यंत करावयाची, हे लिहून घ्यावे. ज्या सरावात काहीच चुकले नाही असे सांगितले जाते, त्यातून काहीच शिकलेले नसते. नाशिकने २००३ च्या आघातानंतर येण्याच्या व जाण्याच्या वाटांचा नव्याने विचार केला, आणि २०१५ चा सिंहस्थ तशा दुर्घटनेवाचून पार पडला.

या कामात आपल्या घरांचाही वाटा आहे. यात्रेस निघताना लहान मुलाच्या खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद ठेवावा. चुकामूक झाल्यास कोठे भेटावयाचे, ते आधीच ठरवावे. आत जाताना बाहेर पडण्याची दुसरी वाट पाहून ठेवावी. वृद्धांसाठी पाणी जवळ असावे. १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा पोलिसांच्या मदतीचा क्रमांक घरातील सर्वांना पाठ असावा. नागरी संरक्षणाच्या संकेतांत चढउताराचा भोंगा धोक्याचा आणि एकसुरी भोंगा धोका टळल्याचा, हेही मुलांना सांगावे. आणि ‘पळा’ अशी आरोळी कानी पडली, तर पळण्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरील सूचनेकडे कान द्यावा.

खानदेशातील रथोत्सवांत चाकाखाली मोगरी लावणारे सेवेकरी सर्वांनी पाहिलेले असतात. एवढा अवजड रथ लाकडाच्या एका तुकड्याने वळतो आणि थांबतो, कारण तो लावणाऱ्याचा हात सरावलेला असतो. गर्दीच्या रथालाही अशीच मोगरी हवी. ती वेळेवर लागावी यासाठी यात्रेआधी उन्हात घाम गाळणारे पोलीस, परिचारिका, अग्निशामक जवान आणि सेवेकरी हेही एका परीने वारकरीच होत. त्यांच्या सरावाचे निमंत्रण आले, तर बघ्याची भूमिका न घेता आपण त्यात सहभागी व्हावे. दर्शनाला आलेला प्रत्येक जीव सुखरूप घरी परतावा, याहून थोर प्रसाद तो कोणता?