राजाच्या बोटांतील अंगठ्या

राजा मरणशय्येवर पडला आहे, त्याची वाचा गेली आहे, आणि उशाशी बसलेली बाई त्याच्या बोटांतील अंगठ्या एकेक करून काढून घेत आहे! कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? राजा म्हणजे इंग्लंडचा तिसरा एडवर्ड, साल १३७७, आणि ही बाई म्हणजे त्याची रखेली ॲलिस पेरर्स. आपल्याकडे आनंदीबाईंना ‘ध’चा ‘मा’ जसा कायमचा चिकटला, तशा ॲलिसला या अंगठ्या चिकटल्या.

पण ही हकीकत सांगितली कोणी? सेंट ऑल्बन्सच्या मठात बसून बखर लिहिणाऱ्या टॉमस वॉल्सिंगहॅमने. ॲलिस हलक्या कुळातली, रूपाने सामान्य, राजाला तिने जादूटोण्याने वश केले, असेही तो सांगतो. या मठाचा आणि ॲलिसचा ऑक्सी येथील जमिनीवरून तंटा झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या दौतीत शाई किती आणि विष किती, याचा विचार करावा लागतो.

अन्या सेटन यांच्या ‘कॅथरिन’ (१९५४) या गाजलेल्या कादंबरीत नायिकेचा मान मिळाला तो एडवर्डच्या मुलाच्या रखेलीला. तिथे ॲलिस दुय्यम पात्रच आहे. नाते दोघींचेही लग्नावाचूनचेच. परंतु कॅथरिनचे १३९६ मध्ये राजपुत्राशी रीतसर लग्न लागले आणि तिचा वंश सिंहासनापर्यंत गेला. मंगलाष्टके झाली की मागचे सारे माफ, हा न्याय केवळ आपल्याच समाजात चालतो असे नाही!

पुढे ॲलिसचेही दिवस पालटले. ‘पेरर्स’ हे तिचे माहेरचे नाव नसून पहिल्या नवऱ्याचे होते, हे संशोधकांनी एकविसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले, आणि पाठोपाठ तीन लेखिकांनी तिची बाजू मांडली. एमा कॅम्पियन यांच्या ‘द किंग्ज मिस्ट्रेस’ (२००९) मधील ॲलिस परिस्थितीने राजवाड्यात ढकलली जाते. व्हनोरा बेनेट यांनी ‘द पीपल्स क्वीन’ (२०१०) मध्ये तिला महत्त्वाकांक्षी ठेवून कवी चॉसरच्या मैत्रीत रंगविले. ॲन ओब्रायन यांच्या ‘द किंग्ज कॉन्क्युबाइन’ (२०१२) मध्ये तर आजारी राणी फिलिपाच तिला राजासाठी निवडते!

सहानुभूती चांगलीच, पण तिचाही अतिरेक होतो. परिस्थितीने गांजलेली अबला म्हणून ॲलिसला सोडवू गेले, की तिचे कर्तृत्वही तिच्या हातून काढून घ्यावे लागते. वास्तविक ही बाई व्यवहारात पक्की होती. तिने पुष्कळशा जहागिरी स्वतः व्यवहार करून मिळविल्या. न्यायालयांत तिची ढवळाढवळ इतकी वाढली, की १३७६ च्या पार्लमेंटने तिचे नाव घेऊन मनाई केली. राजा हयात असतानाच तिने विल्यम विंडसरशी गुपचूप लग्नही उरकले होते. ही लबाडी म्हणावी की शहाणपण? दोन्ही म्हणावे, आणि कादंबरीकाराने दोन्ही दाखवावे.

राजाच्या मृत्यूनंतर तिच्यावर खटला होऊन मालमत्ता जप्त झाली. १३८४ मध्ये विंडसर वारला, आणि त्याच्या पुतण्याने उरलेसुरले बळकावले. ॲलिस भांडत राहिली. १४०० साली तिने मृत्युपत्र केले, आणि त्यात गिळंकृत झालेल्या जमिनींवरचा आपला हक्क मुलींच्या नावे लिहून ठेवला.

अंगठ्यांचा प्रसंग खरा की खोटा, कोण जाणे. मृत्युपत्र मात्र खरे आहे. त्यात ना चेटकीण आहे, ना अबला. हातात काही उरलेले नसताना लेकींसाठी हक्क सोडायला नकार देणारी ती एक म्हातारी आई आहे. तिच्यापासून आरंभ करून कोणी कादंबरी लिहिली, तर ॲलिसला खरा न्याय मिळेल.