स्कियापरेल्लीची हरवलेली दिशा

नारायणगावहून पूर्वेकडे वळलं की शेतामळ्यांतून खोडदच्या तबकड्या दिसू लागतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या; त्यांतल्या 14 खोडदच्या परिसरात एकवटलेल्या, उरलेल्या तीन दिशांना दूरवर पांगलेल्या. खरं तर तिचं काम दीर्घिका आणि स्पंदक ऐकण्याचं. पण 19 ऑक्टोबर 2016 च्या संध्याकाळी तिने मंगळाकडे कान लावला.

युरोपीय अवकाश संस्थेचं स्कियापरेल्ली हे यान त्या दिवशी मंगळावर उतरत होतं. त्याचा 401 मेगाहर्ट्‌झचा क्षीण संदेश पृथ्वीसाठी नव्हताच, मंगळाभोवतीच्या यानांसाठी होता. तरी खोडदने तो पकडला. प्रकाशाच्या वेगानेही इथवर यायला त्याला जवळपास दहा मिनिटं लागत होती. मजकूर उलगडण्याइतका जोर त्यात नव्हता. यान बोलतंय एवढं कळे, आणि वारंवारितेच्या बदलावरून त्याच्या वेगाचा अंदाज येई. उतरण्याची ठरलेली वेळ यायच्या सुमारे मिनिटभर आधी संदेश थांबला.

असं का झालं हे समजायला यानाला स्वतःची दिशा कशी कळते, ते इथे पाहायला हवं. घूर्णनमापक दिशा सांगत नाही, फक्त फिरण्याचा वेग सांगतो. संगणक त्या वेगाची बेरीज करत जातो आणि त्यातून आपण कुठल्या अंशात आहोत हे ठरवतो. आंधळी कोशिंबीर खेळताना गिरक्या मोजून दिशा ओळखावी, तसंच हे. बेरजेत चूक शिरली की ती साचत जाते. म्हणून कक्षेतली याने ताऱ्यांचे फोटो काढून, ज्ञात ताऱ्यांशी ताडून, घूर्णनमापकाचा कल पुन्हा पुन्हा दुरुस्त करतात. वातावरणात शिरून काही मिनिटांत जमीन गाठायची, त्या यानाला ही सवड कुठली?

सुमारे 12 किलोमीटर उंचीवर हवाई छत्री उघडली आणि यान जोरात झोके घेऊ लागलं. मापकाचा काटा कमाल मर्यादेला टेकला आणि जवळपास सेकंदभर तिथेच राहिला. ही अडचण अपेक्षित होती. इतका वेळ नव्हे. प्रत्यक्षात यान इकडून तिकडे डोलत होतं, संगणक मात्र ते एकाच बाजूला कमाल वेगाने फिरतंय असं धरून बेरीज करत राहिला. दिशेचा अंदाज सुमारे 165 अंशांनी चुकला, म्हणजे हिशोबात यान जवळजवळ उलटं झालं!

पुढे रडारने जमिनीचं अंतर मोजलं तेव्हा ते या उलट्या दिशेच्या हिशोबातून गेलं आणि उंची ऋण आली. संगणकाच्या लेखी यान जमिनीखाली होतं. मग छत्री सोडली गेली, इंजिनं 30 सेकंदांऐवजी जेमतेम तीन सेकंद पेटली. जमीन अजून 3.7 किलोमीटर खाली होती. यान ताशी 540 किलोमीटरच्या वेगाने आदळलं.

मला खटकतं ते उंची शून्याखाली गेल्यावरही कुणी ‘हे शक्य नाही’ म्हटलं नाही, हे. तशी तपासणी आज्ञावलीत नव्हती. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाचा रोखही तिकडेच आहे: काटा टेकल्यावर काय करायचं याची तजवीज अपुरी, आणि छत्रीच्या झोक्यांचं गणित कच्चं.