चांदी तीच, कण वेगळा

आपल्याकडे बाळाला उष्टावणाला चांदीची वाटी देतात, मिठाईवर वर्ख लावतात. त्यामुळे मोज्यांच्या पाकिटावर ‘सिल्व्हर’ छापलेलं दिसलं की आपण निर्धास्त होतो. चांदीच ना, मग अपाय कसला? आज आपल्याला हा ‘मग’ तपासायचा आहे. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, आमची ती खोड आता जाणार कशी!

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. साधारण १०० नॅनोमीटरहून लहान कण ते नॅनोकण. आता १ सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घ्या. त्याचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच घन १ नॅनोमीटरच्या घनांमध्ये चिरला, तर एकूण पृष्ठफळ होतं ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! वजन मात्र तेवढंच. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात. म्हणून वाटीतून जी चांदी नगण्य सुटते, ती नॅनोकणांतून भराभर सुटते आणि तिचे आयन जिवाणूंना मारतात. वैशेषिक म्हणत, कापडाचा रंग धाग्यांच्या रंगातून येतो. पण सोन्याचे नॅनोकण पाण्यात लाल दिसतात. कणादांना हे दाखवायला हवं होतं.

आता आपल्या पुण्याचंच उदाहरण बघा. २००९ साली टाटांची नॅनो गाडी आली, तिची चर्चा घरोघरी झाली. त्याच डिसेंबरात ‘टाटा स्वच्छ’ हा पाण्याचा फिल्टर आला, त्यात खरोखरीची नॅनो होती. त्यामागचं संशोधन हडपसरच्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमधलं. भाताच्या तुसाची राख, तिच्यावर चांदीचे नॅनोकण. वीज नको, नळाचं वाहतं पाणी नको, किंमत तेव्हा हजाराच्या आत. दूषित पाण्याने जिथे मुलं आजारी पडतात, तिथे या चांदीला नाही म्हणणं आम्हाला तरी जमणार नाही. शिवाय इथे कण राखेला धरून बसलेले असतात.

मोज्यांचं तसं नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठातल्या बेन आणि वेस्टरहॉफ यांनी २००८ मध्ये चांदी असलेले सहा प्रकारचे मोजे नुसत्या पाण्यात खळबळून पाहिले. काहींतली चांदी थोड्याच धुण्यांत जवळजवळ सगळी निघून गेली, काहींतली हळूहळू जात राहिली. म्हणजे वास घालवण्यासाठी पैसे मोजले, आणि चांदी गेली मोरीत.

मोरीतून पुढे? मैलापाणी शुद्ध करणारे प्रकल्प जिवाणूंच्याच जिवावर चालतात, आणि चांदीचं काम जिवाणू मारणं! इथे घाईने घाबरू नका. मैलापाण्यातल्या गंधकाशी संयोग होऊन बरीचशी चांदी सिल्व्हर सल्फाइड होते. ते पुष्कळ कमी विषारी असतं आणि गाळात बसतं. पण तो गाळ शेतात खत म्हणून जाऊ शकतो. शिवाय आपल्या मुळा-मुठेत सगळं पाणी शुद्ध होऊन येतं असं कोण म्हणेल? प्रक्रिया न झालेल्या पाण्यातली चांदी थेट नदीत, म्हणजे शेवाळाच्या, पाणपिसवांच्या, माशांच्या वाट्याला.

माणसाचं म्हणाल, तर कण शरीरात शिरतो कुठून, हे आधी विचारायचं. सनस्क्रीनमधले झिंक ऑक्साइडचे कण धडधाकट त्वचेच्या वरच्या मृत थरातच बहुतेक अडतात. तोच पदार्थ फवाऱ्यातून उडाला की श्वासावाटे फुप्फुसात खोल जाऊ शकतो. म्हणून क्रीम आणि स्प्रे यांना एकच न्याय लावता येत नाही. आणि चांदी वर्षानुवर्षं पोटात घेतली, तर कातडी कायमची निळसर-राखाडी होते. ‘कोलॉयडल सिल्व्हर’ औषध म्हणून पिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता आमची खरी तक्रार. युरोपात जुलै २०१३ पासून सौंदर्यप्रसाधनांच्या घटकयादीत अशा घटकापुढे ‘नॅनो’ लिहावंच लागतं. आपल्याकडे ती सक्ती नाही. इथे नॅनो शब्द भेटतो तो जाहिरातीत, विकणाऱ्याला हवा तेव्हा. नको असेल तेव्हा तो गायब. मग फिल्टरला हो आणि मोज्यांना नाही, हा विवेक ग्राहकाने करायचा कशाच्या आधारावर?

खाण्यातला टायटॅनियम डायऑक्साइड राहिला. युरोपने २०२२ मध्ये त्यावर बंदी घातली. तो पुढच्या वेळी घेऊ. येताना घरातल्या च्युइंगगमचं आणि गोळ्यांचं एखादं वेष्टण घेऊन या, ई १७१ सापडतो का बघू.