वहीवर शिक्का, अर्जाला उशीर

‘कल्पना मला आधी सुचली, पण अर्ज दुसऱ्यानं आधी केला, तर पेटंट कोणाला?’ एका वाचकाचा प्रश्न. भारतापुरतं उत्तर सोपं आहे: दोघांनी स्वतंत्रपणे तोच शोध लावला असेल, तर ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क. अमेरिकेत मात्र मार्च २०१३पर्यंत ‘आधी सुचलं कोणाला’ याची झाडाझडती व्हायची. हा नियम जास्त न्याय्य वाटतो ना? मग गॉर्डन गूल्डची गोष्ट ऐका.

गूल्ड कोलंबिया विद्यापीठात पीएचडी करत होता. नोव्हेंबर १९५७मध्ये त्यानं वहीत एका उपकरणाचा आराखडा मांडला आणि त्याला नाव दिलं ‘लेसर’. मग वही घेऊन तो गेला ब्रॉन्क्समधल्या चॉकलेट-गोळ्यांच्या दुकानात! तिथल्या नोटरीनं पानांवर शिक्के मारले. पण चालतं यंत्र दाखवल्याशिवाय पेटंट मागता येत नाही, अशी गूल्डची चुकीची समजूत होती. तो थांबला. त्याच विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स टाउन्स आणि त्यांचे मेहुणे आर्थर शॉलो यांचा अर्ज जुलै १९५८मध्ये गेला; गूल्डचा गेला एप्रिल १९५९मध्ये.

वाद कोर्टात पोचला आणि १९६६मध्ये गूल्ड हरला. वही होती, शिक्का होता. पण कल्पना सुचल्यावर अर्ज होईपर्यंत तो नेटानं तिच्या मागे लागला होता, याचा पुरावा पुरेसा ठरला नाही. म्हणजे ‘आधी सुचलं’ एवढं त्या नियमालाही पुरत नव्हतं.

पुढची गंमत मला फार आवडते. लेसरला ऊर्जा पुरवण्याच्या एका पद्धतीचं पेटंट गूल्डला अखेर १९७७मध्ये मिळालं. तेव्हा मुदत पेटंट मिळाल्यापासून १७ वर्षांची असे. १९६०मध्ये मिळालं असतं, तर ते नेमकं १९७७मध्ये संपलं असतं! उशीर झाला म्हणून भरभराटीला आलेल्या लेसर-उद्योगाकडून त्याला रॉयल्टी मिळाली. या भांडणात थिओडोर मेमन मात्र झाकोळला जातो. पहिला लेसर प्रत्यक्ष चालवून दाखवला त्यानं, मे १९६०मध्ये. नोबेल मिळालं टाउन्स आणि शॉलो यांना.

तेव्हा वाचकहो, प्रदर्शनात मॉडेल मांडण्याआधी किंवा लेख छापण्याआधी निदान प्रोव्हिजनल अर्ज तरी करा. आपल्याकडे त्यानंतर संपूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. वहीवरचा नोटरीचा शिक्का ते काम करत नाही.