जी.एं.ची नियती आणि आमचा दुष्काळ

जी. ए. कुलकर्णी यांच्या कथांविषयी मराठी वाचकांचे एकमत कधीच झाले नाही. २०२३ साली त्यांची जन्मशताब्दी झाली, त्यांच्यावर भरभरून बोलले व लिहिले गेले. पण मतभेद होता तेथेच आहे. एक वर्ग त्यांना मराठी कथेचा कळस मानतो. दुसरा वर्ग त्यांचे पुस्तक अर्ध्यावर मिटून ठेवतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात पुस्तक विकत घेणारे थोडे आणि वाचनालयातून आणून वाचणारे शिक्षक, कारकून व विद्यार्थी अधिक. त्यांच्यात हा दुसरा वर्ग लहान नाही. त्याला अरसिक ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्याच्या नापसंतीत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर जी.एं.च्या चाहत्यांनी आजवर मनापासून दिलेले नाही.

जी. ए. हे मराठी मुलखाच्या दक्षिण सीमेवरचे लेखक. बेळगाव जिल्ह्यातील एकसंबे हे त्यांचे जन्मगाव. धारवाडच्या महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ इंग्रजीचे अध्यापन केले, आणि सभासंमेलनांपासून ते कटाक्षाने दूर राहिले. 'निळासावळा' (१९५९) पासून 'रक्तचंदन' (१९६६) पर्यंतच्या संग्रहांत त्यांनी प्रामुख्याने त्या सीमाभागातील घरांची, उतरती कळा लागलेल्या कुटुंबांची आणि मुकाट्याने सोसणाऱ्या माणसांची दुःखे मांडली. १९७२ साली 'काजळमाया' आला. साहित्य अकादमीचा १९७३ चा पुरस्कार या संग्रहाला मिळाला. पुढे प्रकाशनकालाच्या तांत्रिक मुद्द्यावरून वाद निघाला, तेव्हा जी.एं.नी तो परत केला. हा वाद केव्हाच विस्मृतीत गेला. वाचकांमधला वाद मात्र टिकून आहे. 'विदूषक'सारख्या कथेत ओळखीचे गाव नाही, ओळखीचा काळ नाही. राजदरबार आहे, परंतु तो कोणत्याही इतिहासातला नाही. घरगुती दुःखाच्या कथांवर लोभ जडलेला वाचक येथे अडखळतो.

तीन आक्षेप

या वाचकांचा पहिला आक्षेप दुर्बोधतेचा. तो फारसा टिकणारा नाही. 'लेखकाला काय सांगावयाचे आहे' याचे उत्तर चार ओळींत लिहिण्याची सवय आपल्या परीक्षापद्धतीने आणि बाजारातील मार्गदर्शकांनी लावली आहे. ज्या कथेचे असे चार ओळींत उत्तर होत नाही ती दुर्बोध, असे आपण समजतो. अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम चांगल्या कथेला लागू पडत नाही. पहिल्या वाचनापेक्षा दुसऱ्या वाचनात ती अधिक देते. मात्र त्यासाठी दुसरे वाचन करावे लागते.

दुसरा आक्षेप असा की, घरात दुःख थोडे आहे काय, म्हणून ते पुस्तकातही वाचावे? दिवसभर कचेरीत खपून आलेल्या माणसाने हे म्हणावे यात त्याचा दोष नाही. वाङ्मयाकडून विरंगुळ्याची अपेक्षा करणे हा गुन्हा नव्हे. अशा वाचकाने जी. ए. वाचले नाहीत म्हणून कोणाचेच काही बिघडत नाही.

तिसरा आक्षेप खरा वजनदार आहे. जी.एं.ची माणसे नियतीच्या हातातील बाहुली आहेत, असे पुष्कळांना वाटते. आणि दुःखाला एकदा नियतीचे नाव दिले की सावकार, बाजार, जात, सरकार हे सगळेच निर्दोष सुटतात. १९६३ साली बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या संग्रहानेही मराठी वाचकाला असेच अस्वस्थ केले होते. परंतु तेथे दुःखाचा कर्ता कोण, याविषयी संदेह नव्हता. आमच्या भागातील विचारी तरुणाला बागुल जवळचे आणि जी. ए. परके वाटतात, ते यामुळे.

१९७२ चा दाखला

या आक्षेपाची कसोटी मराठवाड्यातच पाहता येते. 'काजळमाया' निघाला ते १९७२ हे वर्ष आमच्या भागातील वृद्धांना निराळ्याच कारणासाठी आठवते. ते दुष्काळाचे वर्ष. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा १९९९ साली झाला. मिलो, सुकडी आणि खडी फोडण्याचे काम हे शब्द त्या पिढीच्या तोंडी अजून आहेत. पाऊस पडला नाही, ही नियती म्हणता येईल. पण शेतमजुराच्या हाताला काम नसणे आणि म्हणून धान्य विकत घेण्यास पैसा नसणे, ही नियती नव्हती. सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील या कामांवरील मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. हालअपेष्टा अपार झाल्या, तरी एवढ्या मोठ्या अवर्षणात जो भयंकर भूकबळी व्हावयाचा तो टळला. त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला, आणि पुढे २००५ साली देशाने तसाच कायदा केला. काल जे दैव वाटत होते ते आज हक्क म्हणून मागता येऊ लागले. दैवाचा प्रदेश असा मागे हटविता येतो, हे ज्या भूमीने अनुभवले तेथील वाचकाने नियतीच्या भाषेकडे संशयाने पाहिले तर ते योग्यच आहे.

ही दृष्टी या भूमीला नवी नाही. औंढ्याच्या देवळातून दूर सारलेल्या नर्सीच्या नामदेवांसाठी ते देऊळच फिरले, ही कथा येथे शतकानुशतके सांगितली जाते. माणसाला नेमून दिलेली जागा अटळ नसते, हाच तिचा आशय.

हिशेबाच्या पलीकडचे

तथापि हजेरीपटावर पन्नास लाख हात मोजता येतात. त्या हातांच्या घरी रात्री काय घडले ते मोजता येत नाही. खडी फोडून आलेल्या बाईचे मूल तापाने गेले, तर तिच्या दुःखाला कोणत्याही योजनेत रकाना नाही. भाकरी मिळाल्यावरही माणूस माणसाला फसवितो, प्रेम करणाऱ्यालाच दुखवितो, आणि आपण कशासाठी जगलो हे न कळताच मरतो. व्यवस्था सुधारली तरी हे उरतेच, आणि जी. ए. नेमके तेथे उभे आहेत. शिवाय त्यांच्या घरगुती कथा बारकाईने वाचल्या तर व्यवस्था तेथेही दिसते. 'पिंगळावेळ' (१९७७) मधील 'कैरी' या कथेतील मावशीचा कोंडमारा काही आकाशातून पडलेला नाही. तो तिच्या संसाराने, तिच्यावर हक्क गाजविणाऱ्या नवऱ्याने आणि स्त्रीला दुसरे घर नाही असे मानणाऱ्या समाजाने घडविलेला आहे. लेखक त्याचे कारण सांगत बसत नाही. वाचकाला ते ओळखता येते.

म्हणून जी.एं.ना दुःखाचे साक्षीदार मानावे, दुःखाचे न्यायाधीश मानू नये. साक्षीदार जे पाहिले ते सांगतो. गुन्हा कोणाचा हे त्याने ठरवावयाचे नसते. जी.एं.चे काही चाहते त्यांच्या कथांतून जीवनाचे तत्त्वज्ञान काढतात आणि सगळेच विधिलिखित असते असा निष्कर्ष सांगतात. आमच्या जिल्ह्यात त्या निष्कर्षाची किंमत फार मोठी आहे. सोयाबीनचा भाव कोसळला, कर्ज थकले आणि शेतकऱ्याने जीव दिला, म्हणजे 'त्याचे नशीब' म्हणून प्रकरण मिटविणारे पुष्कळ असतात. त्यांच्या हाती साहित्याचा आधार देण्याचे कारण नाही.

उलट पक्षी, दुःखाचे कारण सांगत नाही म्हणून दुःखाचे चित्रच नाकारणे, हेही अर्धवट वाचन होय. कारणे शोधणे हे अर्थशास्त्राचे, राजकारणाचे आणि चळवळीचे काम आहे. ते काम करणाऱ्यांनी ज्याच्यासाठी ते करावयाचे तो माणूस आतून कसा असतो, हे विसरू नये. त्यासाठी जी. ए. वाचावेत.

वर्गात या कथा शिकविताना विद्यार्थ्याने 'मला ही कथा पटली नाही' असे लिहिले आणि कारणे दिली, तर त्याला गुण द्यावेत. न पटता केलेल्या स्तुतीला देऊ नयेत. ग्रंथपालाकडे अर्ध्यावर परत आलेले पुस्तक हाही एक अभिप्रायच असतो. ते परत करणाऱ्याने आपले कारण उघडपणे बोलून दाखवावे आणि जी.एं.च्या चाहत्याने त्याचे शांतपणे ऐकून घ्यावे, एवढे घडले तरी आमच्या गावातील वाङ्मयचर्चा आजच्यापेक्षा प्रामाणिक होईल.